सहा सूत, सात सूत

आजोबांची १९६७ची जीप, बाबांचा डावा गुडघा आणि भिवंडीचा ट्रॅफिक. या तिघांचं एकमेकांशी जमेना, तेव्हा आम्ही जीपला हायड्रॉलिक क्लच बसवायचं ठरवलं. त्याची ही गोष्ट, हिशेबासकट.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला अंजूरफाट्याहून भिवंडी गावात गाडी घेऊन कधी गेला आहात? नसाल तर जाऊ नका. गोदामांतून सुटलेले कंटेनर, सुताचे कोन लादलेले टेम्पो, मध्येच नाक खुपसणाऱ्या रिक्षा आणि या सगळ्यांच्या मधोमध आमची जीप. रंग फिकट हिरवा, मागे पिवळ्या अक्षरांत ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असा इशारा आणि डाव्या सीटवर घामाघूम झालेले बाबा. दर दहा फुटांवर क्लच दाबायचा, पहिला गिअर टाकायचा, पाय अर्धवट सोडायचा, पुन्हा दाबायचा. एका शनिवारी करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं म्हणून मी शेजारी बसून मोजत राहिले. चाळीस मिनिटांत एकशे अठरा वेळा!

घरी आल्यावर आम्ही आणखी एक उद्योग केला. आईचा वजन करायचा सपाट काटा पेडलवर आडवा धरला, त्यावर बाबांनी पाय ठेवून दाबला आणि मी खाली वाकून आकडा वाचला. तेवीस किलो. आता ११८ गुणिले २३ करा. दोन हजार सातशे चौदा किलो होतात. एका संध्याकाळी बाबांनी डाव्या गुडघ्याने पावणेतीन टन माल ढकलला होता आणि वर ‘जरा थकलो’ एवढंच म्हणाले होते.

बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत. ठाण्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून सांगितलं, की डाव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे. ऑपरेशन लगेच नको, पण जिने कमी करा, मांडी घालून बसणं बंद करा आणि ‘ती तुमची जीप’ आता पुरे. पहिल्या दोन गोष्टी बाबांनी तिथल्या तिथे मान्य केल्या. तिसरीवर काही बोलले नाहीत. चार दिवसांनी मला कळलं, की लोणावळ्याकडच्या एका गृहस्थांना त्यांनी जीपचे फोटो पाठवले आहेत. त्या गृहस्थांना ती रिसॉर्टच्या दारात उभी करायची होती. म्हणजे कुंडीसारखी.

“चालवता येत नसेल तर ठेवायची कशाला?” बाबा म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्या सहज टाकलं की माझ्या पोटात गोळाच आला. आजोबांनी ही जीप १९७४ मध्ये सेकंडहँड घेतली. सुताचा व्यापार होता, मागवाल्यांकडे वसुलीला गल्लीबोळांतून फिरावं लागायचं. बाबा तिच्यावर गाडी शिकले. मीही तिच्यावरच शिकले आणि लायसन्सच्या टेस्टला सरळ साधी हॅचबॅक मिळाल्यावर ती इतकी हलकी वाटली की पहिल्याच सिग्नलला बंद पाडली.

तर, जीप विकायची नाही हे माझ्या बाजूने ठरलं. कसं ते माहीत नव्हतं.

खाली वाकून पाहिलं तर...

मी मास कॉम केलंय. तिथे इंट्रो कसा लिहायचा ते शिकवतात, क्लच कसा चालतो ते नाही. त्यामुळे पहिले दोन दिवस मी फक्त जीपखाली चटई टाकून झोपले आणि बाबांना प्रश्न विचारले. तुम्हालाही हे माहीत नसेल असं धरून चालते.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातलं तात्पुरतं सोडचिठ्ठीचं खातं. एक प्लेट दोन पत्र्यांमध्ये जबरदस्त स्प्रिंगांनी दाबून धरलेली असते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा एक फोर्क बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगांना ढकलतं, प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. प्रश्न एवढाच, की तुमच्या पायाचा जोर त्या फोर्कपर्यंत पोहोचवायचा कसा?

आमची जीप सीजे-थ्रीबी आहे. विलीज कंपनीने ती अमेरिकेत १९५३ मध्ये काढली. नवं इंजिन उंच होतं, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच उंच केलं. त्या उंच कपाळामुळे ती लांबूनही ओळखू येते. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८ मध्ये थांबलं, पण आपल्याकडे महिंद्रांनी तीच गाडी पुढे कितीतरी वर्षं काढली. आणि तिच्यातली क्लचची जोडणी थेट दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची आहे. पेडल जमिनीतून खाली जातं. तिथून एक दांडी. दांडी एका आडव्या नळीला फिरवते. या नळीचं एक टोक चासीवर टेकलेलं आणि दुसरं इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूला. नळीवरच्या दुसऱ्या कानातून आणखी एक ओढ निघते ती फोर्कपर्यंत. दोन्ही टोकांना गोळे, मध्ये बुश, सगळीकडे ग्रीस. युद्धभूमीवर चिखलात पान्हा आणि हातोड्याने दुरुस्त करता यावं असं हे काम आहे, आणि त्याबद्दल आदरच वाटतो.

पण यात एक मूळची खोट आहे. चासी जागेवर असते, इंजिन मात्र रबरावर बसवलेलं असतं. ते डोलतं. क्लच सोडताना इंजिन थोडं कलतं, त्याच्याबरोबर नळीचं एक टोक हलतं, त्यामुळे फोर्क तुमच्या पायाला न विचारता मागेपुढे होतो, क्लच पकडतो-सोडतो-पकडतो आणि गाडी बिथरलेल्या बैलासारखी धक्के खात निघते. विलीजवाल्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी इंजिनाला मागून चासीला बांधणारी एक जाड तार दिली होती, फार डोलू नये म्हणून. आमच्या जीपची ती तार कधी तुटली आणि कोणी काढून टाकली, हे आजोबाच सांगू शकले असते.

त्यात पन्नासेक पावसाळे. नळीचे गोळे अंडाकृती झालेले, बुश नावालाच. बाबांच्या पायाचा बराचसा जोर या गंजलेल्या सांध्यांतच जिरत होता.

हायड्रॉलिकची आयडिया इथे येते. दांड्या आणि नळी काढून टाकायची. पेडलजवळ एक मास्टर सिलेंडर, इंजिनाच्या बाजूला फोर्कजवळ दुसरा छोटा सिलेंडर, मध्ये ब्रेक ऑइल भरलेला पाइप. पेडल दाबलं की तेल सरकतं, खालचा पिस्टन फोर्कला ढकलतो. इंजिन कितीही डोलू दे, खालचा सिलेंडर त्याच्याबरोबर डोलतो, रबरी होज वाकतो आणि पायाला काही कळत नाही. आजच्या कितीतरी ट्रक-टेम्पोंमध्ये हेच असतं. अमेरिकेत जुन्या मस्टँगसाठी तर असं तयार किट मिळतं. जुन्या गाडीच्या दांड्यांना कंटाळलेले लोक जगभर आहेत म्हणायचे!

आपल्याकडे जीपसाठी असं किट शोधत बसण्यापेक्षा भिवंडीत चाचा आहेत, हे जास्त सोपं.

चाचा

वंजारपट्टी नाक्याच्या पुढे चाचांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा आणि समोर कायम दोन-तीन टेम्पो. कोकणी मुसलमान, बाबांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. आजोबांच्या काळात ते या जीपखाली पोऱ्या म्हणून शिरायचे. बाबांना ते ‘शेठ’ म्हणतात, बाबा त्यांना ‘उस्ताद’. मी लहानपणापासून चाचाच म्हणते.

मी माझी योजना सांगितली. प्रिंटआउटसुद्धा नेला होता. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद उलटा-सुलटा पाहिला आणि बाबांकडे वळले.

“शेठ, पोरगी बरोबर बोलते. होईल. पण हिला वाटतंय पेडल लोण्यासारखं होईल. तसं नाय होत.”

“का नाही?” मी.

“स्प्रिंग तीच ना बेटा? जोर तेवढाच लागणार. तेल काय जोर पैदा करत नाय. तेल फक्त हिशेब करतं.”

बाबा मात्र गप्प होते. त्यांची अडचण वेगळीच होती. “ओरिजिनल जाईल,” ते शेवटी म्हणाले. गेल्या काही वर्षांत जुन्या गाड्यांचे ग्रुप, रॅल्या, फोटो यांचं पेव फुटलंय, हे तुम्हीही पाहत असाल. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली तेव्हा आयुष्यात कधी तिचं दार धड लावता न आलेल्यांनीही हळहळीचे स्टेटस टाकले. या मंडळींमध्ये ‘ओरिजिनल’ हा शब्द सोवळ्यासारखा वापरतात. बाबा कोणत्याच ग्रुपमध्ये नाहीत, पण तो सोवळेपणा त्यांच्यात आहे. आजोबांनी जसं ठेवलं तसं.

चाचांनी एकच प्रश्न विचारला. “ओरिजिनल रिसॉर्टच्या दारात उभी करायची, का थोडी बदलून वज्रेश्वरीला न्यायची?”

दर चैत्रात, जत्रेच्या आधीच्या रविवारी, आम्ही जीपने वज्रेश्वरीला जातो. आजोबांपासूनची रीत. बाबांनी चासीला एकही नवं भोक पाडायचं नाही, अशी अट घातली आणि चहा मागवला. चाचांच्या गॅरेजमध्ये चहा मागवणं म्हणजे करारावर सही.

सुताचा हिशेब

भिवंडीत ‘सूत’ म्हटलं की धागा. पण मिस्त्री लोकांचं सूत वेगळं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. पाऊण इंच म्हणजे सहा सूत. लोखंडाच्या दुकानापासून लेथवाल्यापर्यंत अजूनही याच भाषेत व्यवहार चालतो, मिलिमीटर गेला उडत. आमच्या घरात धाग्याच्या सुतावर तीन पिढ्या जगल्या आणि या दुसऱ्या सुताशी माझी ओळख तिशीच्या उंबरठ्यावर झाली.

चाचांनी आधी एक काम केलं जे मला कधीच सुचलं नसतं. जुनी जोडणी काढण्याआधी त्यांनी फोर्कच्या टोकाजवळ खडूने खूण केली, पोऱ्याला पेडल पूर्ण दाबायला लावलं आणि टोक किती सरकतं ते पट्टीने मोजलं. साडेपाच सूत. “एवढं पाहिजेच. याच्या खाली गिअर पडणार नाय.” मग पेडलच्या खालच्या कानाची चाल मोजली, जिथून मास्टरचा रॉड ढकलला जाणार होता. बरोब्बर एक इंच, म्हणजे आठ सूत.

आता वरचा आणि खालचा सिलेंडर किती जाडीचे घ्यायचे? इथे मी घाई केली. माझ्या प्रिंटआउटमध्ये लिहिलं होतं की मास्टर जितका बारीक आणि खालचा सिलेंडर जितका जाड तितकं पेडल हलकं. मी हट्टाने पाच सुताचा मास्टर आणि आठ सुताचा, म्हणजे पूर्ण एक इंचाचा, खालचा सिलेंडर घ्यायला लावला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. शिकवायची त्यांची हीच पद्धत असावी.

दोन दिवसांनी बसवून झालं. आईचा काटा पेडलवर धरला. नऊ किलो! मी नाचायचीच बाकी होते. बाबांनी इंजिन चालू केलं, क्लच पूर्ण दाबला आणि पहिला गिअर टाकायला गेले. गिअरबॉक्समधून असा काही आवाज आला की समोरच्या टपरीवरच्या लोकांनी माना वळवल्या. क्लच सुटतच नव्हता.

“आता हिशेब करू या?” चाचा म्हणाले.

सिलेंडरची जाडी मोजायची नसते, तोंडाचं क्षेत्रफळ मोजायचं असतं आणि ते वर्गाने वाढतं. पाच पंचे पंचवीस. आठी आठी चौसष्ट. म्हणजे जोर चौसष्ट भागिले पंचवीस, अडीचपटीहून जास्त वाढला. छान. पण चाल तेवढ्याच पटीने कमी झाली. वर आठ सूत दाबलं तर खाली जेमतेम तीन सूत सरकणार. पाहिजे होते साडेपाच. एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं. पास्कल नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी सतराव्या शतकात हा नियम मांडला. चाचांना पास्कल ठाऊक नाही, पण पाढे पाठ आहेत.

“सहा सूत वर, सात सूत खाली. साही साही छत्तीस, साती साती एकोणपन्नास. आठ सुताला खाली किती?”

मी मोबाइलवर केलं. पाच पूर्णांक नऊ सूत. साडेपाच हवे होते, वर अर्धं सूतही शिल्लक नाही. जोर मात्र फक्त सव्वापटीच्या थोडा वर. लोणी नाही. लोण्याच्या आसपासही नाही.

इथे खरं तर या सगळ्या लेखाचा जीव आहे, म्हणून जरा थांबते. हायड्रॉलिक क्लच म्हणजे हलका क्लच, असं आपण गृहीत धरतो. तसं नसतं. स्प्रिंग बदलली नाही तर पायाला करायचं काम तेवढंच राहतं. हलकं पेडल हवं असेल तर ते लांब दाबावं लागतं आणि आखूड पेडल हवं असेल तर जड दाबावं लागतं, दांड्या असोत की तेल. तेलाने मिळतात त्या दोन गोष्टी वेगळ्या: मधल्या सांध्यांत जोर वाया जात नाही आणि इंजिनाच्या डोलण्याशी पायाचा संबंध उरत नाही.

लेथ, भोक आणि बुडबुडा

खालचा सिलेंडर इंजिनाच्या बाजूला, बेल हाउसिंगच्या मूळच्या बोल्टांवरच बसला पाहिजे. चासीवर बसवला तर डोलण्याची भानगड परत आलीच. त्यासाठी ब्रॅकेट लागतं, आणि ते बाजारात मिळत नाही. चाचांनी मला शेजारच्या गल्लीतल्या लेथवर पाठवलं. तिथले मामा वीस वर्षं मागाचे पार्ट करत होते. आता मागांचं काम थोडं, गोदामांच्या ट्रॉल्यांची चाकं जास्त. मी पुठ्ठ्याचं कापलेलं ब्रॅकेट त्यांच्यापुढे ठेवलं, तर त्यांनी ते बोटांत फिरवून विचारलं, “झटका किती बसतो?” मागात दिवसाला हजारो झटके बसतात, तिथे पातळ पट्टी आठवड्यात तडकते, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. त्यांनी माझ्या पुठ्ठ्याच्या दीडपट जाडीची पट्टी घेतली आणि कोपऱ्यात एक तिरपा आधार वेल्ड केला. हा आधार कोणत्याही किटच्या चित्रात नव्हता. आज मला तोच सगळ्यात भरवशाचा वाटतो.

वरचा मास्टर जमिनीखाली, ब्रेकच्या मास्टरशेजारी, आधीच असलेल्या भोकांवर बसला. तेलाची छोटी टाकी बॉनेटखाली, म्हणजे लेव्हल बघायला फरशी उचलायला नको. जिथे सायलेन्सरचा पाइप जवळून जातो तिथे पत्र्याचा एक आडोसा.

मग रॉडची लांबी. यात चाचांनी अर्धी सकाळ घालवली आणि मी वैतागले. पण कारण ऐकण्यासारखं आहे. मास्टरच्या पोटात टाकीकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पाय काढला की पिस्टन पूर्ण मागे येऊन ते भोक उघडं राहिलं पाहिजे. रॉड किंचित जरी लांब झाला तर ते बंदच राहतं. इंजिनाच्या उष्णतेने तेल फुगतं, त्याला परत जायला वाट नसते, मग ते आपणहून क्लच थोडा दाबून धरतं आणि प्लेट घसरून जळते. गाडी गॅरेजमध्ये मस्त चालते, घाटात दगा देते. म्हणून रॉड आणि पिस्टनमध्ये कागद सरकेल एवढी फट ठेवायची. याच्या उलट, पेडल जास्त खाली गेलं तर स्प्रिंगा गरजेपेक्षा जास्त दाबल्या जातात, त्यासाठी पेडलच्या खाली एक थांबा. जुन्या दांड्यांची काळजी ग्रीस मारणाऱ्या हाताला. इथे काळजी सगळी बसवतानाच.

आणि शेवटी हवा. पाइपात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल स्पंजासारखं होतं, कारण हवा दाबली जाते, तेल नाही. आम्ही तीन वेळा हवा काढली, तरी पेडल मऊ. चौथ्या वेळी चाचा खाली शिरले आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. पोऱ्याने खालचा सिलेंडर उलटा बसवला होता. हवा काढायचा निपल खालच्या बाजूला आणि बुडबुडा वर आरामात बसलेला. सिलेंडर फिरवला, निपल वर आला, दहा मिनिटांत काम झालं. पोऱ्याला ओरडा बसला नाही. “मी पन पाहिलं नाय ना,” चाचा म्हणाले.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: मास्टर ११००, खालचा सिलेंडर ८५०, होज-पाइप-टाकी १२५०, ब्रॅकेट, रॉड आणि वेल्डिंग २४००, मजुरी ४०००. एकूण ९६०० रुपये. शिवाय माझ्या हट्टापायी घेतलेली पाच-आठची जोडी, दुकानदाराने परत न घेतलेली. ती माझ्या खिशातून गेली आणि सध्या माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. एक सूचना: यात ब्रेक ऑइलच घालायचं. इंजिन ऑइल घातलंत तर आतली रबरं फुगून बाद होतात. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग निघतो, आमच्या डाव्या मडगार्डला विचारा. ते हवेतलं पाणीही शोषून घेतं, त्यामुळे कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दोन वर्षांनी बदललेलं बरं.

कायद्याचं काय?

हा प्रश्न बाबांचा होता आणि योग्य होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे ठणकावून सांगितलं. दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको.

क्लचची जोडणी या तीन शब्दांत बसत नाही, असं माझं वाचन. पण मी काही वकील नाही आणि खिडकीपलीकडचा अधिकारी तुमच्यासारखंच वाचेल याची खात्री नाही. आम्ही तो रस्ता घेतला नाही, त्याचं कारण वेगळं आहे. व्हिंटेज नोंदणी घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशाच कामांना रस्त्यावर आणता येते. वज्रेश्वरीची जत्रा त्या यादीत नाही. नेहमीची नोंदणी नियमित नूतनीकरण करून चालू ठेवायची, एकही नवं भोक न पाडता सगळं बोल्टवर बसवायचं आणि जुने भाग जपायचे, म्हणजे उद्या कोणी हरकत घेतली तर एका दिवसात दांड्या परत. चाचांनी आडवी नळी घासूनपुसून, गोळ्यांना ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. ती आता सुताच्या कोनच्या रिकाम्या खोक्यात माळ्यावर आहे. खोक्यावर आईच्या अक्षरात लिहिलंय, ‘जीप. क्लच. भंगारवाल्याला देऊ नये.’

सतरा किलो

आईचा काटा शेवटच्या वेळी पेडलवर धरला. सतरा.

तेवीसवरून सतरा. मी थोडी हिरमुसले. वर चाचांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की जुन्या जोडणीला नवे बुश आणि गोळे घातले असते तरी अठराच्या आसपास आलं असतं. मग आपण हे सगळं केलं कशाला?

उत्तर गॅरेजच्या बाहेरच्या चढावर मिळालं. बाबांनी पहिला टाकला, पाय अर्ध्यावर आणला आणि जीप निघाली. नुसती निघाली. धक्का नाही, थरथर नाही. मला आठवतंय तेव्हापासून ती निघताना आमच्या माना एकदा पुढे आणि एकदा मागे जायच्या. आम्हाला ते जीपचं वैशिष्ट्य वाटायचं. बाबांनी चढावर थांबवून पुन्हा काढली. पुन्हा तसंच. मग म्हणाले, “वजनाने दुखत नव्हतं गं एवढं. ती थरथरायची ना, तेव्हा पाय हवेत धरून ठेवावा लागायचा. तिथे दुखायचं.”

वीस दिवस मी किलो मोजत होते आणि त्रास किलोचा नव्हताच. हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर? पण त्यांनाही थरथर गेल्यावरच कळलं.

डॉक्टरांना आम्ही सगळं सांगितलं. ते जीपचे फोटो बघून हसले, पण मत बदललं नाही. रोज नको, ट्रॅफिकमध्ये नको, थांबलात की न्यूट्रल करा आणि पाय खाली ठेवा. शनिवारचा अंजूरफाटा त्यामुळे कायमचा बंद. तिथे आता मी माझी स्कूटर घेऊन जाते आणि शिव्या घालते.

वज्रेश्वरीला मात्र बाबांनी नेली. भिवंडी-वाडा रस्ता, म्हणजे खड्डे चुकवण्याचा खेळ, अणगावनंतर जरा मोकळं, अंबाडी नाक्यावरून आत. जाताना सगळा वेळ तेच चालवत होते. येताना अंबाडीला चहा प्यायला थांबलो तेव्हा किल्ली माझ्याकडे टाकली आणि न बोलता उजवीकडच्या सीटवर जाऊन बसले. गुडघा चोळत होते, पण मी पाहिलं नाही असं दाखवलं.

लोणावळ्याच्या गृहस्थांचा मध्ये फोन येऊन गेला. बाबा त्यांना म्हणाले, पुढच्या चैत्रानंतर बघू. फोन ठेवल्यावर बॉनेट उचललं. सध्या रोज सकाळी चहाआधी उचलतात, टाकीतली लेव्हल बघायला. मी ठाण्यात असते तेव्हा मला मेसेज येतो. आजचाही आला. ‘तेवढीच आहे.’